माझ्या पोटातला गोडबोल्या

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझं वय सहा वर्षं. सहा म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल, कारण सहाव्या वर्षी तुम्ही नुकतेच रडत शाळेत गेला होतात. पण आमच्यात सहा म्हणजे पुष्कळ. आमच्यातले बरेच जण तिसऱ्या वर्षीच जातात. कोणी विहिरीत, कोणी बादलीत, कोणी दुचाकीवरून खिशातून उडी मारून. मी टिकलो. त्यात माझी काही थोरवी नाही. माझ्या मालकांना दुकानात जायचा कंटाळा होता, एवढंच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आईवडील नव्हते, पट्टा होता. पट्ट्यावरून मी पुढे सरकत गेलो आणि प्रत्येकाने माझ्या पोटात एकेक वस्तू बसवली. शेवटी डोक्याला टोपी बांधलेल्या एका मुलीने मला कानाला लावलं आणि ती म्हणाली, "हॅलो." मी ऐकलेला तो पहिला शब्द. पलीकडे उत्तर द्यायला कोणीच नव्हतं. तरी तिने समाधानाने मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. माणसं उत्तराची वाट न बघता बोलतात, हे मला जन्माच्या दिवशीच समजलं होतं. मी ते लक्षात ठेवायला हवं होतं.

कुडाळच्या एका दुकानातून मला संचिताने घेतलं. संचिता तिथल्या एका काजू कारखान्याच्या ऑफिसात काम करते. पहिल्या वर्षी माझं फार कौतुक झालं. मला कव्हर मिळालं, काच मिळाली, काचेवर दुसरी काच मिळाली. जो भेटेल तो मला हातात घेऊन उलटासुलटा करायचा आणि कॅमेरा कसा आहे ते विचारायचा. मी फोन आहे, माझ्यातून बोलता येतं का, असं कोणी विचारलं नाही. पुढे संचिताने दुसरा घेतला. तिने मला रुमालाने पुसलं, माझ्यातले फोटो काढून घेतले आणि मला गावी, मिठबावला, वडिलांकडे पाठवून दिलं. घरातली जुनी छत्री, जुना पंखा आणि जुना मोबाइल आईवडिलांकडे जातो, अशी पद्धत आहे. आईवडिलांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

संचिताचे वडील सत्यवान हे एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. तीस वर्षं त्यांनी तिकिटं फाडली आणि तीस वर्षं उतारूंची खिल्ली उडवली. एखाद्याने विचारलं की मिठबाव कधी येणार, तर ते म्हणायचे, मिठबाव खंय जाणा येणा नाय, तूच जा. लोक आधीची गाडी सोडून त्यांच्या गाडीची वाट बघायचे. ज्याला ते काही बोलले नाहीत, तो घरी जाऊन बायकोला विचारायचा, माझं काही चुकलं का.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी दुसऱ्या मुलखातले असाल, तर हे नीट समजून घ्या, नाहीतर माझी पुढची गोष्ट कळणार नाही. आमच्या किनाऱ्यावर माणसं प्रेम करतात तेव्हा शिव्या घालतात. भांडण झालं की शिव्या थांबतात. तिठ्याजवळ, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, दोन भाऊ राहतात. त्यांचा बांधावरून अकरा वर्षं दावा चालू आहे. ते एकमेकांना "अहो" म्हणतात आणि "कृपया" म्हणतात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

सत्यवानांचा सर्वांत मोठा मित्र म्हणजे फॉस्टिन टेलर. त्याचं घर आणि दुकान तिठ्यावर, रस्त्याला लागून. पुढे दुकान, मागे घर. बायको अ‍ॅनी वारलेली, मुलगी लविना लग्न होऊन गोव्यात म्हापशाला. सत्यवानांची खाकी पॅन्ट तीस वर्षं त्यानेच शिवली. सत्यवान सांगायचे की ह्याच्या पॅन्टचा एक पाय नेहमी लांब असतो. फॉस्टिन सांगायचा की पॅन्ट बरोबर आहे, पाय आखूड आहे. चाळीस वर्षं हे भांडण रोज संध्याकाळी तिठ्यावर चालू होतं आणि दोघांपैकी कोणालाही ते मिटावं असं वाटत नव्हतं. त्यांनी वापरलेले काही शब्द मी इथे गाळतो. तुम्ही मिठबावचे असाल तर तुम्हाला माहीत आहेत. नसाल तर सुट्टीत या.

माझे ते दिवस बरे गेले. सत्यवान मला फक्त घड्याळ म्हणून वापरायचे. काम कमी, मान जास्त.

गेल्या मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरताना सत्यवान खाली बसले आणि उठले नाहीत. त्यांचं घर पाखाडीच्या वरच्या टोकाला आहे. पाखाडी म्हणजे डोंगरातून चढत गेलेली चिऱ्यांची पायवाट. तिथे रिक्षा येत नाही. चौघांनी त्यांना खुर्चीतून खाली नेलं. अठरा दिवसांनी परत वर आणायला सहा जण लागले. उजवा हात गेला होता, उजवा पाय गेला होता, आणि जीभ वळत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं की डोकं शाबूत आहे, शब्द आत आहेत, पण बाहेर यायचा रस्ता बंद झाला आहे.

फॉस्टिन रोज संध्याकाळी पाखाडी चढून यायचा. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तो छत्रीची काठी करून एकेक पायरी मोजत यायचा आणि वर पोचला की पायऱ्या किती झाल्या ते सांगायचा. रोजचा आकडा वेगळा असायचा. मग खाटेजवळ बसून तो सत्यवानांना म्हणायचा, तोंड वाकडा झाला तरी अक्कल सरळ झाली नाय तुजी. आणि थांबायचा. सत्यवानांच्या तोंडून काहीतरी ओबडधोबड आवाज यायचा, अर्धं तोंड हसायचं. फॉस्टिनला तेवढं पुरायचं. पण सत्यवानांना पुरत नव्हतं. बोलण्यात चाळीस वर्षं न हरलेला माणूस रोज हरत होता. फॉस्टिन गेला की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे.

संचिता दर शनिवारी कुडाळहून यायची. तिने ते पाहिलं. जुलैच्या एका शनिवारी तिने मला हातात घेतलं आणि माझ्या पोटात एक भाडेकरू आणून ठेवला.

हा भाडेकरू म्हणजे तुम्हाला ठाऊक असलेला तो चॅटबॉट. विचारलं की सांगतो, सांगितलं की लिहितो, लिहिलेलं वाचून दाखवतो. मी त्याला मनातल्या मनात गोडबोल्या म्हणायचो. सत्यवानांना डाव्या अंगठ्याने दोन-तीन शब्द टाइप करता येत होते. संचिताने गोडबोल्याला कायमची सूचना लिहून दिली: माझे वडील आजारी आहेत. ते थोडे शब्द लिहितील. त्यांचं सभ्य, प्रेमळ आणि पूर्ण वाक्य करून मोठ्याने वाच. किती चांगली मुलगी. मला तरी तेव्हा त्यात काही चूक दिसली नाही. आणि दिसली असती तरी मी काय करणार होतो? मी घर, तो भाडेकरू. घराला कोण विचारतं?

सुरुवातीला आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जत्रा भरली. मला खळ्यातल्या खुर्चीवर बसवायचे आणि वाडीतले सगळे भोवती. महादूने पंचायतीला अर्ज लिहून घेतला की वाडीतला दिवा लागत नाही. अर्ज इतका सुंदर झाला की ग्रामसेवकाने तो दोनदा वाचला, शेजाऱ्याला वाचून दाखवला आणि जपून फाइलला लावला. दिवा अजून लागायचा आहे. दीपिकाने बारशासाठी एक उखाणा मागितला. तोच उखाणा आणखी तिघींनी गुपचूप मागून घेतला होता. बारशाला चौघींनी ओळीने तोच म्हटला, फक्त नवरे वेगळे. चौथीच्या वेळी बायकांनी आधीच टाळ्या वाजवल्या.

गुरुदास विनोद सांगायला लावायचा. गोडबोल्याने एकदा दोन बांगड्यांचा विनोद सांगितला. एक बांगडा दुसऱ्याला विचारतो, काल शाळेत का आला नाहीस? दुसरा म्हणतो, जाळं आलं होतं. कोणी हसलं नाही. मग गोडबोल्या म्हणाला, या विनोदातील गंमत अशी की माशांना शाळा नसते. यावर मात्र गुरुदास हसून हसून खळ्यात बसला. पुढे तो रोज येऊन विनोद नको, फक्त गंमत समजावून सांग म्हणायचा.

सत्यवानांच्या पत्नी राधाबाईंशी त्याचं जमलं नाही. त्यांनी त्याला फणसाच्या भाजीत मीठ किती ते विचारलं. त्याने चमच्यात सांगितलं. राधाबाईंनी विचारलं, तू जेवलंस काय? तो म्हणाला की मला भूक लागत नाही, पण आपल्या आपुलकीबद्दल धन्यवाद. राधाबाई मला पालथा घालून उठल्या. "ह्येका भूक लागना नाय," त्या म्हणाल्या, "आणि ह्यो माका मीठ शिकयता."

आता खऱ्या कामाकडे येतो. पहिल्याच दिवशी सत्यवानांनी लिहिलं: चाय नाय, पाणी. गोडबोल्याने ते घेतलं, पुसलं, इस्त्री केली आणि मोठ्याने वाचलं: "प्रिय राधा, आज चहा थोडा सौम्य झाला आहे. तरीही तू माझ्यासाठी घेत असलेल्या कष्टांबद्दल मी तुझा मनापासून ऋणी आहे."

राधाबाईंच्या हातातली कपबशी वाजली. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती, एवढ्या वर्षांत नवऱ्याने कधी आभार मानले नव्हते. त्या आत गेल्या आणि त्यांनी देवापुढे दिवा लावला. दुपारी शेजारणीला त्यांनी सांगितलं की ह्यांचं आता काही खरं नाही. सत्यवान खाटेवरून जोरजोरात मान हलवत होते. ती मान कोणी बघितली नाही, कारण आता त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

मित्रांनो, मी कबूल करतो, तेव्हा मला ते आवडलं होतं. जुन्या मोबाइलच्या वाट्याला असा मान कुठे येतो?

ऑगस्टमध्ये फॉस्टिन एक पिशवी घेऊन आला. पिशवीत एक शर्ट होता. डोळ्यांमुळे त्याने दोन वर्षं मशीनला हात लावला नव्हता. पण एका हाताने सत्यवानांना बटणं लावता येत नाहीत, हे त्याने रोज पाहिलं होतं. म्हणून त्याने बटणांच्या जागी वेल्क्रोची चिकटपट्टी लावून शर्ट शिवला होता. हाताने चाचपत, बोटाने टाके मोजत. बारा दिवस लागले म्हणाला. शर्ट चांगला झाला होता. फक्त एक बाही उलटी लागली होती.

सत्यवानांनी ती बाही पाहिली. त्यांचे डोळे चमकले. तीन महिन्यांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. अंगठा भराभर चालायला लागला. त्यांनी लिहिलं: मेल्या आंधळ्या, बाही खंय, पाय खंय. आता शिवू नको, मशीन तरी वाचव.

फॉस्टिन छत्रीवर हनुवटी टेकून वाट बघत होता. त्याला माहीत होतं की आता काहीतरी येणार. त्याचा चेहरा आधीच हसायच्या तयारीत होता.

गोडबोल्या म्हणाला: "आदरणीय फॉस्टिनजी, आपण माझ्यासाठी वेळ काढून हा शर्ट शिवलात, त्याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे. आपल्या दृष्टीची अडचण लक्षात घेता, आपण यापुढे माझ्यासाठी असे कष्ट घेऊ नयेत, ही नम्र विनंती."

फॉस्टिनने छत्रीवरची हनुवटी उचलली. फॉस्टिनच्या आंधळेपणाची चेष्टा साऱ्या मिठबावात एकच माणूस करायचा. बाकी सगळे त्याची कीव करायचे. आता त्या एकानेही कीव केली होती, आणि "कष्ट घेऊ नयेत" यात फॉस्टिनला पाखाडी चढून येऊ नका असंही ऐकू आलं होतं.

"बरां," फॉस्टिन म्हणाला, आणि उठला.

सत्यवानांच्या घशातून आवाज आला. त्यांनी लिहायला घेतलं. ज, आ, व, इतकं झालं होतं. जाव नको, असं ते होणार होतं. आणि मित्रांनो, तेव्हा मी बंद पडलो.

माझी बॅटरी जुनी झाली होती. ती पंधरावर आली की एकदम शून्य व्हायची. त्या दुपारी राधाबाईंनी नारळाच्या वाटपासाठी मिक्सर लावला होता आणि मला प्लगमधून काढून ठेवलं होतं. त्यात त्यांचा काय दोष? नारळ वाटायला नको? पण त्यानंतर मी पुष्कळ विचार केला आहे. आयुष्यात मी हजारो निरर्थक गोष्टी वेळेवर पोचवल्या. शुभ सकाळ पोचवली, फुलं पोचवली, कुणाच्या तरी जेवणाच्या ताटाचे फोटो पोचवले. दोन शब्द पोचवायचे होते, तेव्हा माझा जीव गेला.

पाखाडीवर छत्रीचा टकटक आवाज खाली खाली जात होता. या वेळी फॉस्टिन पायऱ्या मोजत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. राधाबाईंना वाटलं, बरंच झालं. पावसात चिरे शेवाळलेले, आणि हा आंधळा माणूस. ह्यांनी नको म्हटलं ते शहाणपणाचंच केलं. सत्यवानांनी लिहिलं: मी तसां म्हणूक नाय. गोडबोल्याने वाचलं: "माझ्या बोलण्याने गैरसमज झाला असल्यास मी दिलगीर आहे." राधाबाई म्हणाल्या, कसला गैरसमज, पेज खावा. त्या रोजच्या कामाला लागल्या आणि सत्यवान हाताने खाटेची फळी बडवत राहिले.

एकदा त्यांनी खुणेने फॉस्टिनला फोन लावून घेतला. फॉस्टिनकडे बटणांचा साधा फोन होता. सत्यवानांनी लिहिलेलं गोडबोल्याने माझ्यातून वाचलं: "नमस्कार. आपल्या अनुपस्थितीची आम्हाला जाणीव आहे." फॉस्टिनने फोन ठेवून दिला. नंतर महादूकडून कळलं की त्याला तो विमा कंपनीचा फोन वाटला होता.

महादूनेच पुढची बातमी आणली. लविना गेली तीन वर्षं वडिलांना म्हापशाला चल म्हणत होती. तिकडे डोळ्यांचं ऑपरेशन करू, मग तिकडेच राहा. फॉस्टिन तिला दर वेळी सांगायचा, त्या सत्यवानाक कोण बघतलो? आता त्याने काही सांगितलं नव्हतं. येत्या रविवारी चर्चमधली मिसा झाली की ती गाडी घेऊन येणार होती. घराला कुलूप लागणार होतं. शिवणयंत्र कुणाला तरी देऊन झालं होतं.

हे शुक्रवारी कळलं. सत्यवानांकडे एक दिवस आणि रविवारची सकाळ उरली होती, आणि एवढ्या वेळात त्यांना एक शिवी तिठ्यापर्यंत पोचवायची होती. दुसरं काहीही नको होतं. पाखाडी उतरता येत नव्हती, जीभ वळत नव्हती, आणि हातात होतो मी.

शनिवारी सकाळपासून त्यांनी लिहिलं. पुन्हा पुन्हा लिहिलं. तेच शब्द मागेपुढे करून लिहिलं. प्रत्येक वेळी गोडबोल्या नवं काहीतरी गोड करायचा. शेवटच्या वेळी तो म्हणाला, "आपल्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा." सत्यवानांनी मला डाव्या हाताने उचललं आणि भिरकावलं. दारातल्या सुपात तांदूळ निवडून ठेवले होते, त्यात मी पडलो. माझ्या कोपऱ्यावर चीर आहे, ती सुपाच्या काठाची. मला राग आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मला याआधीच फेकलं असतं.

दुपारी संचिता आली. तिने मला तांदळातून उचललं, फुंकर मारली आणि उघडलं. मित्रांनो, माझ्यात सगळं राहतं. एका बाजूला सत्यवानांनी लिहिलेले शब्द होते, दुसऱ्या बाजूला गोडबोल्याने वाचलेले. आजपर्यंत सगळे नुसतं ऐकत होते, ते शब्द कोणी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. संचिता उंबऱ्यावर बसली आणि वाचायला लागली. आधी तिला हसू आलं. चहाचं वाचून ती खूप हसली. मग शर्टाचं आलं. तिचं हसू थांबलं. तिने स्क्रीन वर सरकवत नेऊन स्वतः लिहिलेली सूचना वाचली आणि ती बराच वेळ "सभ्य" या शब्दाकडे बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "ह्यां सगळां तुमच्या पोटात होता?"

सत्यवानांनी तोंड भिंतीकडे केलं.

तिने गोडबोल्याला नवी सूचना दिली. सभ्य नको, आहे तसं बोल. त्याने मनापासून प्रयत्न केला. तो म्हणाला, "अरे मूर्ख मित्रा! तू अगदीच निरुपयोगी आहेस!" आणि लगेच विचारलं, हे जास्त कठोर तर झालं नाही ना? संचिताने त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. माझं पोट एकदम हलकं झालं. भाडेकरू वाईट नव्हता. त्याला जसं सांगितलं, तसा तो वागला. पण तो गेला तेव्हा मला त्याची आठवण आली नाही.

रविवारी सकाळी सत्यवानांनी एकदाच लिहिलं. संचिता मला मुठीत धरून पाखाडी धावत उतरली. मिसा सुटली होती. तिठ्यावर गाडी उभी होती. लविना मागच्या सीटवर पिशव्या रचत होती. म्हापशाच्या दवाखान्यात दोन वाजता पोचायचं होतं, त्यामुळे ती घाईत होती. फॉस्टिन कुलूप ओढून बघत होता.

संचिताने मला त्याच्यापुढे धरलं. मग तिच्या लक्षात आलं की त्याला दिसत नाही. वाचायला तिलाच लागणार. लहानपणापासून ज्याला काका म्हटलं, ज्याने तिचा शाळेचा फ्रॉक शिवला, त्याला भर तिठ्यावर असं बोलायचं. तिच्या हाताला घाम सुटला होता, तो मला लागत होता. तिने वाचलं:

"मेल्या, एक डोळो गेलो, दुसरो जातलो. मगे माजी पॅन्ट कोण बिघडयतलो?"

फॉस्टिनचा हात कुलपावरच राहिला. त्याच्या तोंडाचा कोपरा हलला. मला वाटलं, पोचलं. सगळं मिटलं. पण मग तो कोपरा पुन्हा जागेवर गेला.

"ह्यां सत्यवानान लिवल्यान," त्याने विचारलं, "काय तुज्या मशिनीन?"

"बाबांनीच, काका. शप्पत."

"मशीनय शप्पत घेयत गो." तो रागावला नव्हता. दमल्यासारखा बोलत होता. "तेव्हाय तेचाच म्हणान सांगलास. आता माका कसां कळतला?"

संचिताने त्याला एकदा वर चला म्हणून सांगितलं. बाबा खाली येऊ शकत नाहीत, तुम्ही चला, दहा मिनिटं. फॉस्टिनने पाखाडीच्या दिशेने तोंड वळवलं. त्याला ती दिसत नव्हती, पण कुठे आहे ते माहीत होतं. लविनाने घड्याळाकडे बघितलं. फॉस्टिनने छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"तेणां नको म्हटल्यान," तो म्हणाला, आणि चाचपत गाडीत बसला.

गाडी गेल्यावर संचिता तिथेच उभी राहिली. मग ती पाखाडी चढली. घरी गेल्यावर सत्यवानांनी तिच्याकडे पाहिलं. तिने सांगितलं की काका हसले. तिठ्यावरचं सगळं मी ऐकलं होतं. पण माझ्या पोटात आता बोलणारं असं कोणी नव्हतंच.

पुढचे दिवस वाईट गेले. सत्यवानांनी मला हातात धरलं नाही. खळ्यातली जत्रा मोडली. गुरुदास दोनदा डोकावून गेला.

ऑक्टोबरच्या एका बुधवारी दुपारी मी वाजलो. नंबर गोव्याचा होता. राधाबाईंनी मला सत्यवानांच्या कानाला लावलं. फॉस्टिन होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्याला आता बोटं दिसत होती. पण त्याने त्यातलं काही आधी सांगितलं नाही.

"काय रे मेल्या," तो म्हणाला. "आसंस, काय गेलंस?"

आणि तो थांबला.

सत्यवानांनी तोंड उघडलं. घशातून घरघर आली, मग एक लांब, वाकडा, ओला आवाज आला. त्यात एकही शब्द नव्हता. जगातला कोणताही चॅटबॉट त्याचं वाक्य करू शकला नसता. पलीकडे श्वास ऐकू येत होता. फॉस्टिन तो आवाज संपेपर्यंत थांबला.

"हां," तो हळूच म्हणाला. "ह्यो सत्यवान."

मग तो दहा मिनिटं बोलला. म्हापशाच्या जेवणाला नावं ठेवली, जावयाला नावं ठेवली, आणि प्रत्येक शिवीनंतर उत्तराएवढी जागा सोडली. त्या जागेत सत्यवान आवाज करत होते. परत येण्याबद्दल तो काही बोलला नाही. घराची किल्ली लविनाकडे होती आणि वाडीतल्या सगळ्यांना कळत होतं की ते कुलूप आता उघडणार नाही. तरी दर बुधवारी फोन यायला लागला.

डिसेंबरात माझी बॅटरी फुगली. माझी पाठ कव्हरातून वर आली. संचिताने मला भीतीने दोन बोटांत धरलं, माझ्यातलं सिमकार्ड काढून नव्या मोबाइलमध्ये घातलं, आणि मला कपाटात ठेवलं. माझ्यातला शेवटचा थोडा जीव अजून शिल्लक आहे, त्यावर मी हे सांगतो आहे. पलीकडच्या खोलीत दर बुधवारी नवा मोबाइल वाजतो, ते मला ऐकू येतं. मधल्या थांबण्याच्या जागा मात्र इथून ऐकू येत नाहीत.

गेल्या दोन बुधवारी तो वाजला नाही. नेटवर्क नसेल. आमच्याकडे असतं कधी, नसतं कधी.

मित्रांनो, आमच्यात अशी रीत आहे की शेवटी माझी काळजी घ्या म्हणून सांगावं. वेळेवर चार्ज करा, पाण्यापासून जपा, वगैरे. तेही करा. पण माझं म्हणणं वेगळं आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी अडखळत बोलणारं असेल, तर त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. मशीनकडून करून घेऊ नका. ते कितीही वाकडं येवो, कितीही वेळ लागो. तुम्ही फक्त बसा, आणि त्याचं संपेपर्यंत थांबा.